वार, वेणा आणि आपली लुडबुड

मंडळी, बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘मांजर व्यायला झाली हे कसं ओळखावं’. ते सांगणारच आहे. पण आधी पाच मिनिटं माझं भांडण ऐका. जनावरांच्या दवाखान्यात इतकी वर्षं ते मनातच राहिलं. मांजरीशी नाही हो, तिच्या वारेवर, म्हणजे पिल्लामागोमाग पोटातून पडणाऱ्या नाळेच्या गोळ्यावर, डोळा ठेवून बसणाऱ्यांशी.

हसताय, म्हणजे माहितेय तुम्हाला. मांजरीची वार वाळवून, हळदकुंकू लावून तिजोरीत ठेवली की पैसा टिकतो म्हणे! ज्यांच्या घरात मांजराला उंबरा ओलांडू देत नाहीत तीही माणसं माझ्याकडे यायची. ‘डॉक्टरीणबाई, एखादी मिळाली तर बाजूला ठेवा.’ इतकी दुर्मीळ का? तर प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते आणि मांजर ती तिथल्या तिथे खाऊन टाकते. पुढच्या रांगेतल्या मावशी तोंड वाकडं करताहेत, पण तिच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. जागा स्वच्छ होते, माग काढणाऱ्याला वासही राहत नाही.

आमच्या मागच्या चाळीतली गोष्ट. हरतालिकेची संध्याकाळ, एका खोलीत मांजर व्यायला बसलेली. बातमी जिन्यावरून खाली गेली आणि बघता बघता दारात गर्दी. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात चिमटा, आणि एक आजोबा टॉर्च घेऊन अगदी पुढे. पहिलं पिल्लू आलं, तिने चाटलं, वार खाल्ली. आजोबा हळहळले. सगळे आणखी जवळ सरकले. आणि मांजर थांबली. तासभर काही नाही, दोन तास काही नाही. ‘अडली, अडली’ म्हणून मला बोलावणं आलं. बघते तर बाई निवांत, पिल्लाला पाजतेय, वाटीतलं दूध पितेय, कळ नाही की काही नाही. मी गर्दी हटवतेय तोवर तिने पिल्लू तोंडात धरलं आणि थेट पोटमाळ्यावर, मखराच्या खोक्यात! उरलेली तीन पहाटे तिथेच झाली. त्या वर्षी गणपती चौरंगावर, मागे साडी लावून बसले. आजोबा शिडी लावून माळ्यावर डोकावत राहिले, हाती लागले थर्माकोलचे तुकडे. त्यांच्याकडे तिजोरी होती का, हे मी विचारलं नाही.

माझा मुद्दा हाच. मांजर वेणा थांबवू शकते. त्रास झाला, जागा पटेनाशी झाली, की एकदोन पिल्लांनंतर ती चक्क दिवसभर खंड घेते. त्या वेळात खाते, पिते, पाजते, जोर मात्र करत नाही. याला अडणं म्हणत नाहीत. पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतो ना आपण? त्यातल्या निम्म्या घरांतून तिला आपल्याच डोकावण्याने उठवलेलं असतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, सहा मिनिटं. म्हणजे विषयाला हात घालावा लागणार.

बोक्याची गाठ पडल्यापासून साधारण 63 ते 65 दिवस. तारीख माहीत नसते, कारण ती पावती घेऊन घरी येत नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सड गुलाबी होऊन उठून दिसतात. शेवटच्या आठवड्यात ते भरतात, आणि मग कपाट, चपलांचा रॅक, धुण्याची टोपली, सगळीकडे कोपरा शोधणं सुरू. अंगाचा ताप एरवी 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतो. तो 100च्या खाली गेला तर बहुधा दिवसभरात व्यायची. पण सगळ्याच मांजरींत तो उतरतो असं नाही, आणि थर्मामीटर कुठे लावायचा ते कळल्यावर तुम्हीच नको म्हणाल.

पहिल्या कळा दिसत नाहीत. खाणं सोडते, येरझाऱ्या घालते, मागची बाजू चाटते, धापा टाकते, मोठ्याने गुरगुरते. कुणी लपते, कुणी तुमचा पदर सोडत नाही. हे 6 ते 12 तास, पहिलटकरणीला जास्तही. मग पोट आवळून जोर लावताना स्पष्ट दिसते. दोन पिल्लांत बहुधा दहा मिनिटं ते तासभर जातो. पिल्लू मागच्या पायांनी आलं तरी घाबरू नका, ते नेहमीचंच. पिल्लाभोवतीची पिशवी तिने फाडली नाही तर मात्र थांबायचं नाही. स्वच्छ हातांनी तोंडाजवळ फाडा, नाकतोंड पुसा, टॉवेलने अंग चोळा. पिल्लू ओढू नका.

डॉक्टर कधी? वीस ते तीस मिनिटं सारखा जोर आणि पिल्लू नाही. पिल्लू अर्धवट बाहेर अडकलंय. दहा मिनिटांहून जास्त लाल रक्त वाहतंय. घाण वासाचा स्राव आहे. व्याल्यानंतर अंग थरथरतंय, कारण तेव्हा कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. आणि मेडिकलमधून कळांचं इंजेक्शन आणून टोचू नका. पिल्लू आडवं असेल तर गर्भाशय फाटतं.

एक चिठ्ठी आहे, ‘संपलं हे कसं कळणार?’ गाभण राहिल्यापासून पंचेचाळीस दिवसांनंतर एक्स-रेत पिल्लांची हाडं दिसतात. व्यायच्या आधीच्या आठवड्यात काढून घेतलात तर मोजणी हातात राहते. आणि नंतर खिडक्या बंद ठेवा. पाजत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते, आणि बोका गल्लीतच असतो. ऑपरेशनची तारीख पिल्लांचं दूध सुटतानाच ठरवून टाका.