ब्रेक लावला का?

(पहाटेचं विमानतळ. भिंतीलगत व्हीलचेअरची रांग.)

पहाटेचे साडेचार. ओहायोतलं विमानतळ. खुर्चीतले आजोबा व्हिएतनामला लढून आलेले. खुर्चीमागे उभी आहे ती मूळची साताऱ्याची. म्हणजे घरात कुणीतरी फौजेत असणारच. दोघांची ओळख आठवड्यापूर्वीची, तीही फोनवरची. आज रात्रीपर्यंत ती त्यांची ‘गार्डियन’. आपण सोबतीण म्हणू.

(जुने फोटो.)

माजी सैनिकांना वॉशिंग्टनची युद्धस्मारकं फुकट दाखवून आणणारी ही फेरी म्हणजे ‘ऑनर फ्लाइट’. ती सुरू झाली याच ओहायोत. वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक २००४ साली खुलं झालं. अर्ल मोर्स तेव्हा स्प्रिंगफील्डमध्ये माजी सैनिकांच्या दवाखान्यात काम करत. पेशंटना विचारायचे, “बघायला जाणार ना?” सगळे हो म्हणायचे. पुढच्या तपासणीला कळायचं, कुणीच गेलेलं नाही. कुणाकडे पैसे नाहीत, कुणाला प्रवास झेपत नाही. मोर्स हौशी वैमानिक. त्यांनी फ्लाइंग क्लबातल्या मित्रांना गाठलं आणि दोन अटी घातल्या : सैनिकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि पोचल्यावर दिवसभर त्याच्याबरोबर फिरायचं. मे २००५ मध्ये सहा छोटी विमानं बारा सैनिकांना घेऊन उडाली. म्हणजे सोबत पहिल्या दिवसापासूनच होती.

(प्रशिक्षण. खुर्ची, हात, चाकं.)

सोबत्याला आधी शिकावं लागतं. उतारावर खुर्ची उलटी न्यायची, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही. उठवताना आधी दोन्ही ब्रेक, मग पायाखालच्या पट्ट्या वर. पट्टीवर भार देऊन कुणी उठलं की खुर्ची कलंडलीच. गोळ्यांच्या वेळा पाठ हव्यात. पती किंवा पत्नीला सहसा सोबत येता येत नाही; दोघंही ऐंशीच्या घरात, खुर्ची ढकलणार कोण? सैनिकाला ही फेरी फुकट. सोबती बहुतेक ठिकाणी स्वतःच्या खिशातून पैसे भरतो. सुट्टीही स्वतःचीच.

(महायुद्ध स्मारक.)

सोनेरी तारे ४,०४८. एका ताऱ्यामागे शंभर मृत. पॅसिफिकच्या बाजूला दगडात कोरलंय : चीन, बर्मा, इंडिया. खुर्ची तिथे क्षणभर थांबते. थांबवलीय तिने.

(काळी भिंत.)

व्हिएतनामची भिंत. ५८ हजारांहून जास्त नावं, जो ज्या दिवशी पडला त्या क्रमाने. त्यामुळे आडनावावरून शोधायला गेलात तर दिवस जाईल. सूचीत बघायचं, कितवा फलक, कितवी ओळ. तिने चिठ्ठी आधीच करून ठेवलीय. नाव खांद्याच्या उंचीवर आहे, आजोबांना उभं राहायचंय.

“ब्रेक लावला का?” आजोबाच विचारतात.

ती पट्ट्या वर करते. कोरलेलं नाव उमटवायला कागद भिंतीवर धरते. पेन्सिल ते चालवतात.

(निवेदन नाही. चाळीस सेकंद.)

(रात्र. विमानतळ. बँड, झेंडे.)

परतीच्या विमानात प्रत्येकाला पत्रांचं पाकीट मिळालंय. तीन लाखांवर माजी सैनिक आजवर असे जाऊन आले. हजारो अजून यादीत आहेत.

आजोबांची लेक गर्दीतून पुढे येते. सोबतीण तिला आधी ब्रेक दाखवते, मग गोळ्यांची डबी देते. पुढच्या फेरीला सोबतिणीने नाव दिलंय. त्या फेरीत सोबत्यांच्या जागा रिकाम्या आहेत.