पांझरेचं पाणी आणि नागरिकशास्त्र

(धुळ्यातील नागरिकशास्त्र प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, आत्ताच प्रदर्शन बघून आलो. संसदेची थर्माकोलची प्रतिकृती झकास झालीय, मतदान यंत्रापुढे तर पोरांची झुंबड होती. तक्रार एकच. सगळं दिल्लीचं आहे, फार तर मुंबईचं. ज्या शहरात हे मांडलंय ते धुळं त्यात कुठेच नाही.

धुळं आखून वसवलेलं. खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर १८१९च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने इथे ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची पेठ उभी राहिली. म्हणून आजही पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’ म्हटलं की भागतं. पण ही आखणी साहेबाची. लोकांनी आपल्या हाताने चालवलेलं काही बघायचं तर पांझरेच्या काठाने साक्रीकडे जावं लागेल.

तिकडची शेतीचं पाणी वाटून घ्यायची फड पद्धत काही शतकं जुनी. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या. बंधाऱ्याखालचं रान साधारण चार फडांत, म्हणजे मोठ्या पट्ट्यांत, वाटलेलं आणि बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात. सगळी मेख इथेच आहे. एका फडात एकच पीक. यंदा ऊस कुठे, ज्वारी कुठे, हे पाण्याचा अंदाज घेऊन सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाणी तुटपुंजं असलं तर एखादा फड पडीक ठेवायचा. झळ थोडी थोडी सगळ्यांनाच. दारं धरायचं, म्हणजे शेतात पाणी सोडायचं, काम पाटकऱ्याचं, मालकाने पाटाला हात लावायचा नाही. वरच्याने शेत भरून घ्यावं आणि पाटाच्या शेपटाकडच्याने आभाळाकडे बघावं, हा प्रकार त्यामुळे सहसा होत नसे. वरचाही दुसऱ्या फडात शेपटाला असायचा ना!

याचे फार गोडवेही गाऊ नयेत. ज्याला जमीन नाही त्याला त्या बैठकीत जागा नव्हती. भूमिहीनाला आणि जमीनदाराला सारखंच एक मत दिलं ते राज्यघटनेने. आणि विहिरीवर मोटार बसली तशी चारचौघांत बसून ठरवायची गरजही अनेकांना उरली नाही.

शहरातला पाटकरी म्हणजे किल्ली घेऊन फिरणारा व्हॉल्व्हमन. त्याला वेळापत्रक कोण देतं, इथल्या किती जणांना ठाऊक आहे? १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा नगरपालिकांच्या विषयांच्या यादीत, म्हणजे बाराव्या अनुसूचीत आला. तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या हव्यात, असंही त्यात आहे. २०११च्या जनगणनेत धुळं पावणेचार लाखांचं होतं. प्रदर्शनात राष्ट्रपतींच्या अधिकारांना अख्खी भिंत दिलीय, प्रभाग समितीला एक ओळ नाही.

तेव्हा आयोजकांनी एक नकाशा लावावा. नकाणे तलावापासून आपल्या गल्लीतल्या नळापर्यंत. टाकी कुठे, व्हॉल्व्ह कुठे, वेळ कोणाच्या सहीने बदलते. आठवीची पोरं गल्लोगल्ली फिरून निम्मा नकाशा सहज भरतील. उरलेल्यासाठी शिक्षकांनी दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. नकाशा तोवर अर्धा राहिला तरी लावून ठेवा.