धूर शहराचा, ओझोन शिवाराचा

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. एप्रिल महिना, दुपारचे तीन वाजलेत, वारा पश्चिमेचा आहे. ओझोन जास्त कुठं असेल? छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात, की तिकडं शहराच्या पूर्वेला, करमाड-बदनापूरच्या शिवारात? तुमच्यापैकी बहुतेकांनी मनात चौकाचं नाव घेतलं असणार. पण अशा दुपारी शिवाराचा आकडा चौकाच्या वर असण्याची शक्यता जास्त. असं का होतं, तेवढंच आज सांगायचं आहे.

आकाशात वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर जो ओझोन आहे, तो आपला राखणदार. त्याच्याबद्दल आज बोलणार नाही. आपण श्वास घेतो त्या हवेतला ओझोन मात्र माणसाला आणि पिकाला त्रास देणारा वायू, आणि तो कुठल्याही सायलेन्सरमधून बाहेर पडत नाही. गाडी देते त्याचा कच्चा माल. इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळतो आणि त्याची ऑक्साइडं होतात. डिझेलच्या ट्रकमधून ती जास्त निघतात. दुसरा माल म्हणजे न जळलेल्या इंधनाची वाफ. तापलेल्या टाकीतून आणि पंपावर पेट्रोल भरताना जो वास येतो, तोही त्यातलाच.

आता ऊन काय करतं बघा. नायट्रोजन डायऑक्साइडवर ऊन पडलं की त्याचा एक ऑक्सिजन सुटतो, हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि ओझोन तयार होतो. मागं उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन मोडून आपला ऑक्सिजन परत घेतो. हातउसनं दिलं, परत घेतलं, हिशेब शून्य. घोटाळा होतो तो इंधनाच्या वाफेमुळं. तिच्या विघटनातून तयार होणारे रेणू नायट्रिक ऑक्साइडला परस्पर ऑक्सिजन देऊन टाकतात. मग त्याला वसुलीसाठी ओझोनच्या दारात जायची गरजच उरत नाही. ओझोन साठत जातो.

चौकात गाड्या सतत ताजा नायट्रिक ऑक्साइड ओकत असतात, म्हणून तिथला ओझोन तिथंच मोडला जातो. वाऱ्याबरोबर तीच हवा गावाबाहेर सरकली, दोन-तीन तास उन्हात तापली, की ताजा धूर संपलेला असतो आणि ओझोन मात्र वाढत असतो. आणि उन्हाची आपल्याकडं काय कमतरता?

२०२० च्या टाळेबंदीत देशातल्या बऱ्याच शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड झपाट्यानं उतरला, पण ओझोन त्या मानानं हलला नाही, काही ठिकाणी तर वाढला. ‘गाड्या बंद केल्या तरी उपयोग नाही’ असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा आहे. शहरात नुसती नायट्रोजनची ऑक्साइडं कमी केली तर सुरुवातीला ओझोन मोडणारंच कमी होतं. म्हणून वाफही बरोबरीनं कमी करावी लागते. गावाकडच्या हवेत मात्र नायट्रोजनची ऑक्साइडं घटली की ओझोन बहुधा घटतोच.

शेतकऱ्यांसाठी थोडं थांबतो. हे कोडं सुटलं तेच मुळी शेतातून. लॉस एंजेलिसच्या आसपास पालकासारख्या भाज्यांची पानं खराब होत होती. १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की गाड्यांचा धूर आणि ऊन मिळून ओझोन बनतो आणि पानं अशाच हवेनं खराब होतात. ओझोन पर्णरंध्रांतून, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांतून, आत शिरतो. गहू आणि सोयाबीन ही त्याला लवकर बळी पडणारी पिकं. जुन्या पानाच्या वरच्या बाजूला, शिरा हिरव्या राहून मधल्या भागात बारीक तपकिरी किंवा फिकट ठिपके येतात. पण उद्या लगेच कपाशीच्या लाल्याचं, म्हणजे पानं लाल पडण्याचं, खापर ओझोनवर फोडू नका! लाल्याची कारणं वेगळी आहेत. कोळी कीड आणि अन्नद्रव्यांची कमतरता यांनीही असेच ठिपके पडतात. शिवाय पान स्वच्छ दिसत असतानाही दाणा हलका भरू शकतो, ते जास्त वाईट.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे नव्या गाड्यांच्या धुरासाठीचे कडक नियम, आले. डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. हा मोठा बदल आहे. मोठ्या गाड्यांत त्यासाठी धुरात युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा असते. द्रावणाचा खर्च वाचवायला ती यंत्रणाच बंद करून घेणारेही असतात. पीयूसीत ते पकडलं जाईल म्हणाल, तर नाही. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात, डिझेलचा धूर किती दाट तेवढं बघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं कुणी मोजतच नाही. काळा धूर न सोडणारा ट्रक पास होतो आणि ज्या मालातून ओझोन बनतो, तो तसाच सोडत पुढं जातो. माझ्या मते पहिली दुरुस्ती इथं हवी.

आपल्या देशाच्या मानकानुसार हवेतल्या ओझोनची आठ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. दम्याच्या माणसानं उन्हाळ्यात दुपारी बारा ते पाच अंगमेहनत टाळावी. तोंडाला रुमाल बांधून हा वायू अडत नाही, घरात मात्र तो बराच कमी असतो. आणि पेट्रोल संध्याकाळी भरा. सकाळी उडालेल्या वाफेला अख्खा दिवस ऊन मिळतं, रात्री उडालेलीला मिळत नाही.