नवजात बाळाची खरेदी: आधी बाळाची मान बघा

[टेबलावर दुपटी, झबली, मोजे आणि एक कापडी बाहुली. मागे रिकामी कॉट.]

नमस्कार. आज सुरुवात ह्या बाहुलीपासून करते. नवजात बाळाएवढीच आहे. हिच्या मानेतला कापूस मी मुद्दाम कमी केलाय. आता हिला टेकून बसवते, बघा काय होतं.

[बाहुलीचं डोकं पुढे पडतं.]

हनुवटी थेट छातीला टेकली. जन्मलेल्या बाळाचं अगदी असंच होतं. अंगाच्या मानाने डोकं जड, मानेत जोर नाही आणि श्वासनलिका बारीक, मऊ. आपण बसल्या बसल्या पेंगलो तर फार तर मान अवघडते. बाळाची हनुवटी छातीवर टेकली तर श्वासाची वाटच दुमडते. आणि ते ओरडून सांगू शकत नाही, कारण रडायलाही हवा लागतेच.

बाळ मान धरायला साधारण तीन-चार महिने लागतात. म्हणून तोवरच्या सगळ्या खरेदीसाठी मी एकच प्रश्न विचारते: ह्या वस्तूत बाळाला ठेवलं, तर त्याची मान कुठे जाईल? दुकानातल्या निम्म्या गोष्टी ह्या एका प्रश्नाने यादीतून गळून पडतात. उरतात त्या खऱ्या गरजेच्या.

पहिली गोष्ट, झोपायची जागा. नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं. त्यामुळे सगळ्यात जास्त विचार इथे करा. पाळणा घ्या, कॉट घ्या, तो सपाट हवा, गादी टणक हवी आणि आत बाळाशिवाय काहीही नको. उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणी नाहीत, कडेने लावायच्या गुबगुबीत पट्ट्या नाहीत.

गादी कशी तपासायची ते दाखवते. तळवा असा जोरात दाबायचा आणि उचलायचा. गादी लगेच पूर्ववत झाली पाहिजे. हाताचा खड्डा तसाच राहिला तर तिथे बाळाचं नाकही रुतणार. मग गादी आणि कॉटची कड ह्यांच्यामध्ये बोटं घालून बघा. दोन बोटं आरामात जात असतील तर गादी लहान पडतेय. गजांमधलं अंतर जास्तीत जास्त 6 सेंटिमीटर. नात्यातली जुनी कॉट मिळत असेल तर तिची एक बाजू खाली सरकते का, हे आवर्जून बघा. अशा कॉटची सरकती बाजू निखळते आणि त्या फटीत बाळ अडकतं. अमेरिकेत 2011 पासून त्या विकायला बंदी आहे. कितीही मायेने दिलेली असली तरी घेऊ नका.

बाळाला झोपवायचं पाठीवरच, रात्री आणि दुपारीसुद्धा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये पालथं झोपवू नका असं सांगितलं, 1994 मध्ये त्याची देशभर मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. त्यासाठी कोणालाही काहीही विकत घ्यावं लागलं नव्हतं.

‘पाठीवर झोपलं आणि उलटी झाली तर घशात अडकेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो आणि तो काळजीपोटीच निघतो. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. बाहेर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचं तर वर चढावं लागेल. बाळ पालथं असलं की हेच उलटं होतं, श्वासनलिका खाली येते. घरातल्या मोठ्यांना एवढं समजावून सांगा. माझ्या आईला हे हाताने चित्र काढून दाखवलं तेव्हाच पटलं.

डोकं चपटं होईल म्हणून उशी आणतात. आणू नका. उशीवर मान पुढे वाकते, आपण मघाशी बाहुलीत पाहिलं तेच. डोक्यासाठी, बाळ जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ पोटावर ठेवा. मानेला जोरही त्यातूनच येतो.

आता उताराच्या खुर्च्या, झुलणारी आसनं, डुलणारी गादी. इथे मला जरा थांबायचंय. माझं बाळ तीन आठवड्यांचं असताना आमच्याकडे अशी एक मऊ, तिरकी खुर्ची आली. बाळ तिच्यात लगेच झोपायचं, आणि आम्ही सगळे इतके थकलेलो की देवासारखी धावून आली असं वाटलं. एका दुपारी आतून आले तर बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. हनुवटी छातीवर, तोंड किंचित उघडं. उचललं, मान सरळ झाली आणि आवाज थांबला. रंग ठीक होता, सगळं ठीक होतं. पण ती दुपार मी विसरले नाही. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या झोपायच्या साधनांवर आणि कॉटच्या त्या गुबगुबीत पट्ट्यांवर बंदी आली. तुमच्याकडे खुर्ची असेलच तर बाळ जागं असताना, पट्टा लावून, तुमच्या समोर. डोळा लागला की सपाट जागी.

सपाट जागा म्हणजे महागडी कॉटच असं मुळीच नाही. फिनलंडमध्ये 1938 पासून सरकार गरजू आयांना एक खोका द्यायला लागलं, 1949 पासून तो सगळ्याच आयांसाठी खुला झाला. त्यात बाळाचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण असतं, तळाला छोटीशी गादी असते आणि रिकामा झाला की तो खोकाच बाळाचा पहिला पलंग होतो. तिथल्या कितीतरी पिढ्या खोक्यात झोपल्या. कॉट मात्र पहिले सहा महिने तरी तुमच्याच खोलीत हवी, तुमच्या अंथरुणाशेजारी.

पांघरुणाऐवजी हात बाहेर राहतील अशी अंगात घालायची पिशवी मिळते, ती चांगली. नाकावर सरकत नाही. दुपट्यात गुंडाळत असाल तर छातीपाशी तुमचा हात आत जाईल इतपत सैल, आणि पाय मोकळे.

[बाहुलीला गुंडाळून दाखवते.]

गुडघे असे वाकून बाजूला पडले पाहिजेत. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. बाळ कुशीवर वळायची धडपड करायला लागलं की गुंडाळणं बंद, त्याच दिवशी.

आता कपडे. इथे लोक सर्वांत जास्त खर्च करतात आणि सर्वांत कमी बघतात. अगदी लहान मापाचे पाच-सहाच घ्या, बाळ काही आठवड्यांत त्या मापाबाहेर जातं. हे झबलं बघा. खांद्यावर कापड एकमेकांवर चढलेलं आहे ना, ते नक्षीसाठी नाही. बाळाची शी पाठीवर मानेपर्यंत चढते, आणि ती चढणारच आहे. तेव्हा कपडा डोक्यावरून काढलात तर सगळं केसांना आणि डोळ्यांना लागेल. म्हणून हा गळा असा ताणायचा, खांद्यांवरून खाली आणि पायांतून बाहेर. पुढून पूर्ण उघडणारं, नाडीने बांधायचं झबलंही उत्तम. अरुंद, बंद गळ्याचे गोंडस कपडे घेऊ नका. ते घालताना जड डोकं आणि लुळी मान सांभाळायची, म्हणजे तुम्हालाही घाम फुटतो.

हा मोजा. आता हा उलटा करते. जवळून दाखवते, थांबा. दिसला हा सुटलेला धागा? असा धागा, किंवा आईचा गळलेला केस, बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. बोट सुजतं, धागा आणखी रुततो आणि रक्त पोचेनासं होतं. बाळंतपणानंतर आईचे केस खूप गळतात, त्यामुळे हे वाटतं तेवढं दुर्मीळ नाही. बाळ कशानेच शांत होत नसेल तर मोजे काढा आणि एकेक बोट बघा. हातमोजेही असेच उलटे करून बघायचे. टोपडं बाहेर जाताना ठीक, घरात झोपताना नको. जास्तीची बरीचशी उष्णता बाळाच्या डोक्यावाटे बाहेर पडते.

लंगोट की डायपर ह्यावर मी वाद घालणार नाही. नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध पितं, तेव्हा दहाएक वेळा बदलणं धरूनच चाला. धुवायला माणूस असेल तर लंगोट, नसेल तर डायपर, बहुतेक घरांत दोन्ही. डायपरची कड बेंबीच्या खाली दुमडा, नाळेचा तुकडा सुकून पडेपर्यंत. पुसायला कापूस आणि कोमट पाणी पुरतं. पावडर नको, ती बाळाच्या फुप्फुसात जाते. लाल झालंच तर झिंक ऑक्साइडचं मलम. आणि लंगोट बदलायला खास टेबल नको. जमिनीवर चटई टाका. जमिनीवरून बाळ पडत नाही.

दुधाचं म्हणाल तर अंगावर पाजत असाल तर आधीपासून काहीच घेऊन ठेवू नका. पंप लागला तर नंतर आणता येतो. तो लागेल की नाही हे पहिल्या दोन आठवड्यांत तुमचं शरीर आणि बाळच सांगतं. वरचं दूध देत असाल तर थोड्याच बाटल्या आणि सावकाश थेंब सोडणारं निपल घ्या, पण निर्जंतुक करायची सोय मात्र पक्की हवी. एक लक्षात ठेवा, डब्यातली पावडर जंतुविरहित नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी उकळायचं, ते 70 अंशांच्या खाली जायच्या आत पावडर मिसळायची आणि मग गार करून पाजायचं.

गाडीने जाणार असाल तर कार सीट हवीच, आणि दवाखान्यातून घरी येण्याच्या पहिल्याच प्रवासापासून. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या दिशेला. पुन्हा मानच! समोरून धडक बसली की जड डोकं पुढे फेकलं जातं. तोंड मागे असेल तर तो सगळा झटका सीटची पाठ घेते, मान एकटी घेत नाही. आर129 ह्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात निदान 15 महिन्यांपर्यंत असंच बसवा असं आहे, आणि त्यापुढेही जितकं जमेल तितकं चांगलं. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर तिथे बाळाची सीट कधीच लावायची नाही. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी चिमटीत धरून बघा. चिमटीत आला तर अजून सैल आहे. जाड कपडे घालून पट्टा लावू नका, कपडा दबतो आणि पट्टा सैल पडतो. वापरलेली सीट घ्यायची तर ती अपघातातून गेलेली नाही ह्याची खात्री देणाऱ्या माणसाकडूनच. बहुतेक सीटवर मुदतही छापलेली असते, ती वाचा. आणि मुक्कामी पोचलं की बाळाला बाहेर काढा. ‘झोपलंय तर झोपू दे’ म्हणून सीटसकट घरात आणून ठेवू नका.

बाळाला छातीशी बांधायची झोळीवजा पिशवी मला मनापासून आवडते. हात मोकळे राहतात आणि बाळ शांत होतं. फक्त चेहरा दिसला पाहिजे, मान खाली घालून टाळूचा पापा घेता आला पाहिजे आणि हनुवटीखाली दोन बोटं मावली पाहिजेत. गुडघे ढुंगणापेक्षा वर.

अंघोळीचा छोटा टब असला तर सोयीचं. नाळ पडेपर्यंत नुसतं पुसून घेतलंत तरी चालतं. टबात बाळाला बसवायचं आसन मात्र नको, ते असलं की आपला हात सुटतो.

थर्मामीटर डिजिटल, आणि तो बाळ यायच्या आधी घरात हवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच डॉक्टर. कपाळाला हात लावून 37.5 आणि 38 ह्यांतला फरक कळत नाही. पाऱ्याचा जुना असेल तर तो वापरातून काढा.

वॉकर घेऊ नका, आता नाही आणि नंतरही नाही. कॅनडाने 2004 मध्ये त्यांच्यावर पूर्ण बंदी घातली. दात येताना घालायच्या मण्यांच्या माळाही नकोत, गळ्याला फास बसतो. श्वास मोजणाऱ्या यंत्रामुळे झोपेतले मृत्यू टळतात असं दिसलेलं नाही, आणि यंत्र आहे म्हणून लोक बाळाला पालथं झोपवायला धजावतात. खेळणी तर पहिले काही आठवडे लागतच नाहीत. बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना तुमचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं.

लोक विचारतील, बाळाला काय आणू? संकोच करू नका, सांगा. सहा महिन्यांच्या मापाचे कपडे आणा. सुती दुपटी आणा. आणि अगदी जवळचं कोणी असेल तर त्यांना सांगा, आठवडाभर रोज तासभर येऊन बाळाला धरून बसा, म्हणजे आईला झोपता येईल. पुढच्या भागात कार सीट प्रत्यक्ष गाडीत लावून दाखवते. तोवर आणलेले मोजे आज रात्री उलटे करून बघा.