कापूस कोणी वेचला?

मंडळी, चोपड्याहून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वेचणी चाललेली दिसली. कमरेला ओटी बांधलेल्या बाया, बांधावर निजवलेलं एखादं लेकरू. बोंडाचं टोक नखापाशी कसं टोचतं, हे इथे कोणाला सांगायला नको. परक्या देशाने मानवी हक्कांसाठी दुसऱ्यावर दबाव आणावा का, हा आजचा विषय. तो मी कापसावरूनच बोलणार आहे.

उझबेकिस्तानात सरकारच दर हंगामात शाळकरी पोरं, शिक्षक, डॉक्टर यांना वावरात धाडायचं. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर आमचाही वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. पण आमच्या पोरांना गरिबी न्यायची, तिथे हुकूम न्यायचा. तिथलीच काही माणसं जीव मुठीत धरून हे सारं टिपत राहिली, बाहेर कळवत राहिली. मग तीनशेहून अधिक कंपन्यांनी तो कापूस घ्यायचा नाही असं ठरवलं. जागतिक बँकेच्या कर्जामागोमाग आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची माणसं थेट वावरात जाऊन पाहू लागली. २०१६ मध्ये अध्यक्ष करिमोव वारले. नव्या अध्यक्षांना बाजारपेठ हवी होती. मार्च २०२२ मध्ये संघटनेने जाहीर केलं की सरकारी सक्तीची ती पद्धत संपली. बहिष्कारही उठला. मागणी एकच होती, आणि ती पुरी झाली की नाही हे वावरात जाऊन बघता येत होतं.

इराकचं उलटं झालं. कुवेतवर चढाई केली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट १९९० पासून त्याचा जवळजवळ सगळा व्यापारच बंद केला. तिथला हुकूमशहा सद्दाम २००३ चं युद्ध होईस्तोवर गादीवर होता. उपासमार झाली ती गोरगरिबांची.

मोठ्या देशांचा कळवळाही जरा पारखूनच घ्यावा. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती, तेव्हा अमेरिका पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान याच्या पाठीशी होती.

म्हणून काय गप्प बसायचं? आपल्या अहिराणीत एक वाक्य फार चालतं, ‘तुले काय करनं शे?’ १९४६ साली दक्षिण आफ्रिकेने आपल्याला हेच ऐकवलं. तिथल्या भारतीय लोकांवरच्या अन्यायाचा प्रश्न आपण संयुक्त राष्ट्रांत नेला, विजयालक्ष्मी पंडित तिथे बोलल्या. ‘हा आमचा घरचा मामला’ असं उत्तर आलं. आपण स्वतंत्रही नव्हतो, तरी त्याच वर्षी त्यांच्याशी व्यापार तोडला होता. झळ आपल्या व्यापाऱ्यांनाही बसणार होतीच. मला तो दबाव म्हणूनच खरा वाटतो. आज कोणी आपल्याला काही विचारलं की तेच घरच्या मामल्याचं वाक्य आपल्या तोंडी येतं, हेही सांगून टाकतो. रागावू नका.

सक्तीच्या मजुरीवरून अमेरिकेने चीनमधल्या शिंजियांगच्या कापसाला दार लावलं, तेव्हा एका जिनिंगवाल्या मित्राने मला पहिला प्रश्न केला, ‘मग आपला भाव वाढेल का?’ मी हसलो. मग त्याला विचारलं, उद्या तिकडचा खरेदीदार तुझ्या दारात येऊन म्हणाला, हा कापूस कोणी वेचला, किलोमागे काय दिलं, वेचणारीचं पोर शाळेत होतं का, तर काय सांगशील? तो काट्यावरच्या गाठोड्याकडे बघत राहिला.