थोरातसाहेबांचा कागद

नमस्कार मंडळी. स्क्रीनवर जो नकाशा दिसतोय तो अरुणाचलचा, तेव्हा त्याला नेफा म्हणायचे. वरती तिबेट, डावीकडं भूतान, खाली आसाम. एवढं डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

मार्च १९६०, लखनौ. पूर्व कमांडचं हेडक्वार्टर तेव्हा लखनौला होतं. तिथं एक एक्सरसाइज झाली, नाव 'लाल किला'. एक्सरसाइज म्हणजे पळापळी नाही हं, नकाशे मांडून हिशोब, समजा चीन आला तर कुठनं येईल, किती येईल, आणि त्या दिवशी आपल्याकडं काय असेल. समोर खुद्द आर्मी चीफ जनरल थिमय्या बसलेत, दिल्लीचे बडे अधिकारी बसलेत आणि हिशोब मांडणारा माणूस पूर्व कमांडचा प्रमुख, आपल्या कोल्हापूरकडचा, लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, फौजेत एसपीपी थोरात. उत्तर वाईट आलं. आहे एवढ्या फौजेवर नेफा टिकत नाही.

बरं, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं असंही नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये नेफाच्या सीमेवर लोंगजूच्या चौकीवर चिन्यांशी चकमक झाली, त्यानंतर ऑक्टोबरातच थोरातांनी सगळं लिहून दिल्लीला पाठवलं होतं. काय होतं त्या कागदात? सीमेवर, म्हणजे मॅकमहोन रेषेवर, छोट्या चौक्या ठेवा, त्यांचं काम बघायचं आणि खबर द्यायची. खरी लढाई मागं, नेफातल्या बोमडिला गावाच्या लाइनवर, जिथं आपला रस्ता पोचतो, रेशन पोचतं. चिन्याला डोंगर उतरून खाली येऊ द्या, त्याची रसद लांबू दे, त्याला दम लागू दे, मग धरा. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसून कुस्ती बघणाऱ्याला हे समजवावं लागत नाही.

थिमय्यांना ते पटलं, ते कागद घेऊन संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडं गेले. आणि थोरातांनी पुढं आत्मचरित्रात सांगितलंय त्याप्रमाणं मेनननी तो उडवून लावला, उगाच घाबरवताय, चीनचं आम्ही बोलणी करून बघून घेऊ. कागद तिथंच राहिला.

आता जरा मागं जाऊ. जानेवारी १९४५, ब्रह्मदेशात आराकानचा किनारा, कांगॉ नावाचं गाव. तिथं ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदुस्थानी होते, आणि इंग्रजांच्या फौजेत तेव्हा ही छोटी गोष्ट नव्हती. थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. जपान्यांशी जबर लढाई झाली, तिघांनाही डीएसओ मिळाला, म्हणजे लढाईतल्या नेतृत्वासाठी इंग्रजांचा मोठा सन्मान. (त्याच ब्रह्मदेशात समोरच्या बाजूला आझाद हिंद सेना होती, म्हणजे खाल्ल्या मिठाला जागायचं का देशाला हा प्रश्न या लोकांच्या पाठीला तेव्हापासूनच लागलेला. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.) ही तीन नावं लक्षात ठेवा, सतरा वर्षांनी तिघं तीन ठिकाणी दिसणार आहेत.

त्याआधी कोरिया. १९५३ मध्ये युद्धबंदी झाली तेव्हा बावीस हजारांच्या वर चिनी आणि उत्तर कोरियाचे कैदी म्हणत होते की आम्हाला परत जायचं नाही. त्यांना सांभाळायचं काम भारताकडं आलं. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या कमिशनचे अध्यक्ष थिमय्या, आणि कैद्यांवर पहारा देणाऱ्या आपल्या फौजेचे कमांडर थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री इतके भडकलेले की आमच्या जमिनीवर भारतीय बूट टेकायचा नाही, म्हणून आपल्या जवानांना बोटीवरनं हेलिकॉप्टरनं उचलून थेट सैन्यमुक्त पट्ट्यात नेऊन उतरवलं.

आणि काम कसलं, तर डोकं फिरवणारं. तारेच्या आत कैद्यांचेच म्होरके, ज्याला खरंच घरी जायचंय त्याला रात्री तेच मारणार. ज्याला जायचं नाही त्याला ढकलायचं नाही, जायचंय त्याला वाचवायचं, आणि कोणाच्या मनात काय आहे ते विचारायचं तरी कसं? एकदा चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला आत ओढून धरून ठेवलं. आत हजारो कैदी, बाहेर आपल्या मशीनगन. एक शब्द बोलला असता तर ढीग पडला असता. थोरात हत्यार न घेता आत गेले. पाहुणा आलाय, चहा-सिगारेट काही विचारायची पद्धत आहे की नाही तुमच्याकडं, असल्या बोलण्यावर त्यांनी ताण उतरवला आणि मेजरला घेऊन बाहेर आले. पुढं दुसऱ्या दंग्यात गोळी चालवावी लागली, माणसं मेली, ते काही त्यांना टाळता आलं नाही. पण मला ती तारेच्या आतली सिगारेट फार मोठी वाटते. अशोक चक्राचा दुसरा वर्ग मिळाला त्यांना, म्हणजे आत्ताचं कीर्ती चक्र.

तर असा माणूस पूर्व कमांडला आर्मी कमांडर, आणि थिमय्यांच्या मनात आपल्यामागं चीफ म्हणून हाच.

पण दिल्लीत वेगळंच चाललं होतं. बी. एम. कौल म्हणून जनरल, नेहरूंच्या मर्जीतले, लढाईत पलटण कधी चालवलेली नाही, त्यांचं प्रमोशन चीफच्या मनाविरुद्ध झालं. असल्या सगळ्या कटकटींना वैतागून ३१ ऑगस्ट १९५९ ला थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी बोलावून समजूत घातली, थिमय्यांनी राजीनामा मागं घेतला, आणि दोन सप्टेंबरला पार्लमेंटमध्ये नेहरूंनी चीफलाच बोल लावले. म्हणजे राजीनामाही गेला आणि वजनही गेलं. मागं घ्यायचा होता तर दिला कशाला, असं आपण इथं बसून सहज म्हणतो, पण पंतप्रधान समोर बसून म्हणतोय देशासाठी थांब, तेव्हा फौजी माणूस काय करणार हो?

मे १९६१. थिमय्या रिटायर, चीफ झाले थापर, थोरात घरी. खरं सांगायचं तर सिनियॉरिटीत थापर थोडे पुढं होते, त्यामुळं नियम मोडला असं कोणी म्हणू शकत नाही. फौजेत हे चालतंच, वर जाताना शिडी निमुळती होत जाते. आमच्या जिल्ह्यात सैनिक टाकळी म्हणून गाव आहे, जवळजवळ घरटी फौजी, तिथं कट्ट्यावर बसा, कोणाचं प्रमोशन कोणाच्या एसीआरनं, म्हणजे साहेबाच्या वार्षिक गुप्त शेऱ्यानं गेलं, कोण प्रमोशनच्या बोर्डात बसला नाही, कोणी राजीनाम्याचे कागद टाकले, हे ऐकत संध्याकाळ जाईल. पद जाण्याचं दुःख माणूस पेन्शनीत जिरवतो. पण पद गेलं ते गेलं आणि वर पुढं काय होणार ते तुला माहिती आहे, लिहून दिलंयस, आणि आता तुझ्या हातात काही नाही, हे कसं जिरवायचं?

कारण पुढं झालं अगदी उलटं. नोव्हेंबर १९६१ पासून फॉरवर्ड पॉलिसी, म्हणजे चौक्या आणखी पुढं सरकवा. नकाशाचा हा डावा वरचा कोपरा बघा, भूतानला चिकटून, नामका चू नदी. सप्टेंबर १९६२ ला चिन्यांनी तिथं ढोला चौकीला वेढा घातला आणि दिल्लीतनं हुकूम सुटला, थाग ला डोंगरावरनं त्यांना हाकला. चीफ थापर म्हणाले हुकूम लेखी द्या. बावीस सप्टेंबरला लेखी मिळाला, एका जॉइंट सेक्रेटरीच्या सहीनं. आणि लेखी मिळाल्यावर तो खाली गेला. मला इथं नेहमी अडखळायला होतं. लेखी मागितलं म्हणजे त्यांना पटलेलं नव्हतं, मग सही आल्यावर काय बदललं? फायलीची सोय झाली एवढंच, नदीवरच्या जवानाची नाही.

खाली पूर्व कमांडला थोरातांच्या खुर्चीत कोण होतं? एल. पी. सेन, कांगॉचा तिसरा. त्यांनी तो हुकूम पुढं रेटला. कोअर कमांडर उमरावसिंग म्हणत राहिले हे होणार नाही, तर त्यांच्याकडनं नेफाच काढून घेतलं, नवी चार नंबर कोअर उभी केली आणि कौलना दिली. ब्रिगेडियर जॉन दळवी खाली नदीकाठी, सातवी ब्रिगेड घेऊन, बऱ्याच जवानांच्या अंगात सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, माणशी पन्नास गोळ्या. वीस ऑक्टोबरच्या पहाटे चीन आला आणि ब्रिगेड काही तासांत मोडली. दळवी पकडले गेले, सुमारे सात महिने चीनच्या कैदेत होते. महिन्याभरात बोमडिलाही पडलं, तेच बोमडिला जिथं थांबून लढायचं ठरलं होतं लखनौच्या नकाशावर.

मेनन गेले, थापर गेले, कौल गेले. दिल्लीत यशवंतराव आले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला वगैरे, ते सगळ्यांना पाठ आहे. थिमय्या आणि थोरात दोघांनाही राष्ट्रीय संरक्षण परिषदेत घेतलं. थोरात लिहितात की नेहरूंनी तेव्हा तो कागद बघितला आणि विचारलं, हा मला आधी का दाखवला नाही? थोरातांचं उत्तर साधारण असं होतं, की ते मेनननाच विचारा.

हार कशी झाली याची चौकशी दोन अधिकाऱ्यांनी केली, हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत. भगत म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला व्हिक्टोरिया क्रॉसवाला, इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक ते. १९६३ ला दिलेला तो रिपोर्ट सरकारनं अजून पूर्ण उघडलेला नाही. आणि १९७४ मध्ये चीफ व्हायची वेळ भगतांची आली, तर जनरल बेवूरना एक वर्ष वाढवून मिळालं आणि तेवढ्यात भगत रिटायर झाले.