मिडलवेअरची ओळ कुठे लिहिता, त्यावर सगळं आहे

(कॅमेऱ्यासमोर)

नमस्कार मंडळी. आज आपण एकच फाइल उघडणार आहोत, ॲप डॉट जेएस. नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर, एक्सप्रेस ही चौकट वापरून तुम्ही सर्व्हर लिहिला असेल, तर ही फाइल तुमच्याकडेही आहे. वीस-तीस ओळी, बऱ्याचशा ‘ॲप डॉट यूज’ने सुरू होणाऱ्या. अशी ओळ जोडते ते मिडलवेअर, म्हणजे आलेली रिक्वेस्ट वाटेत हाताळणारं फंक्शन. यातल्या कितीतरी ओळी आपण कुठून तरी आणून चिकटवतो आणि ज्या जागी चिकटल्या त्याच जागी त्या राहतात. फंक्शनच्या आत काय लिहिलंय याचा आपण विचार करतो. ते फंक्शन कितव्या ओळीवर उभं आहे, याचा करत नाही. मला आज त्या जागेबद्दलच बोलायचंय.

कारण माझी एक अख्खी संध्याकाळ त्या जागेने खाल्ली होती.

गावच्या सार्वजनिक वाचनालयासारखं एक छोटं ॲप करत होतो. पुस्तकांची यादी सगळ्यांना खुली, देवघेव फक्त सभासदांना. सर्व्हर 3000 पोर्टवर, समोरचं पान 5173 वर. पोस्टमनमधून, म्हणजे रिक्वेस्ट पाठवून बघायच्या ॲपमधून, टोकन (सभासदाची ओळख पटवणारी खूण) लावून रिक्वेस्ट पाठवली की व्यवस्थित 200, म्हणजे ‘ठीक’, येत होता. ब्राउझरमधून तीच रिक्वेस्ट पाठवली की लाल अक्षरात कॉर्सची एरर. कॉर्स म्हणजे एका ओरिजिनवरच्या (पत्ता आणि पोर्ट मिळून) पानाला दुसऱ्या ओरिजिनशी बोलू द्यायचं की नाही, याचा ब्राउझरचा नियम. मी काय करत बसलो? कॉर्सच्या सेटिंगमध्ये ओरिजिन बदल, हेडर वाढव, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू कर. दोन तास गेले. मग नेटवर्कचा टॅब नीट बघितला तेव्हा दिसलं की रिक्वेस्ट एक नाही, दोन आहेत. माझ्या रिक्वेस्टच्या आधी ब्राउझरने स्वतःहून एक ऑप्शन्स रिक्वेस्ट पाठवली होती आणि तिला उत्तर मिळालं होतं 401, म्हणजे ‘ओळख पटली नाही’.

आता बघा काय झालं होतं. ऑथरायझेशन हेडर असलेली रिक्वेस्ट दुसऱ्या ओरिजिनला जाणार असेल, तर ब्राउझर आधी विचारून घेतो, ‘पाठवू का?’ ती विचारणा म्हणजे ऑप्शन्स. त्या विचारणेसोबत टोकन नसतंच. माझ्या फाइलमध्ये टोकन तपासणारं मिडलवेअर सहाव्या ओळीवर होतं आणि कॉर्स आठव्या. टोकन नाही म्हटल्यावर सहाव्या ओळीने 401 देऊन विषय संपवला. आठव्या ओळीपर्यंत ती विचारणा पोचलीच नाही. कॉर्सची ओळ दोन ओळी वर नेली आणि सगळं चालू झालं. कोडमधलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

(स्क्रीनवर रिकामी यादी, एकेक ओळ तिच्यात पडते)

आत नेमकं काय चालतं? ‘ॲप डॉट यूज’ किंवा ‘ॲप डॉट गेट’ लिहिता तेव्हा एक्सप्रेस ते फंक्शन एका यादीच्या शेवटी जोडतो. बस. त्या यादीला आतल्या कोडमध्ये स्टॅक म्हणतात आणि तिच्या प्रत्येक नगाला लेयर. रिक्वेस्ट आली की यादी वरून खाली वाचायची. लेयरचा पत्ता जुळतो का, पद्धत (गेट, पोस्ट वगैरे) जुळते का? जुळलं तर ते फंक्शन चालवायचं आणि ‘नेक्स्ट’ म्हटलं की पुढचा लेयर. मिडलवेअर वेगळं आणि राउट, म्हणजे ठरावीक पत्त्याला उत्तर देणारी ओळ, वेगळा असं आपण बोलतो, पण दोघेही एकाच रांगेत उभे असतात. हे पटत नसेल तर एक्सप्रेस 5 मध्ये ‘ॲप डॉट राउटर डॉट स्टॅक’ कन्सोलवर छापून बघा. तुमचं अख्खं ॲप्लिकेशन एका ॲरेसारखं समोर येईल. मी पहिल्यांदा छापलं तेव्हा माझ्या डोक्यातलं बरंच धुकं गेलं.

प्रत्येक फंक्शनला तीन गोष्टी मिळतात: रिक (आलेली रिक्वेस्ट), रेस (जाणारं उत्तर) आणि नेक्स्ट (पुढच्याला बोलवायचं फंक्शन). रिक म्हणजे आपल्या पंगतीतलं ताट समजा. ताट एकच, वाढपी एकामागून एक येणार. जेसन, म्हणजे डेटा मजकुरात लिहायची पद्धत, ते वाचणारा येतो, तो ‘रिक डॉट बॉडी’, म्हणजे रिक्वेस्टसोबत आलेला डेटा, वाढतो. टोकन तपासणारा येतो, तो ‘रिक डॉट युजर’ वाढतो. शेवटचा हँडलर, म्हणजे उत्तर देणारं फंक्शन, त्या ताटात जे आहे त्यावर काम करतो. आता तूपवाला भाताच्या आधी आला तर वाढणार कशावर? बॉडीमधला सभासद क्रमांक बघून परवानगी ठरवणारं मिडलवेअर जेसनच्या आधी लिहिलंत, तर त्याला बॉडी ‘अनडिफाइन्ड’ मिळणार.

नेक्स्टबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण इथे घात होतो. फंक्शनने एकतर उत्तर द्यायचं, नाहीतर नेक्स्ट म्हणायचं. दोन्ही विसरलात तर कुठेच काही दिसत नाही. लॉगमध्ये एरर नाही, कन्सोल शांत, ब्राउझरचं चाक मात्र फिरत राहतं. हे त्रासदायक आहे, पण निदान लक्षात येतं. दोन्ही केलंत तर प्रकरण जास्त गंभीर आहे.

(स्क्रीनवर चार ओळींचं फंक्शन)

हे बघा. टोकन नसेल तर ‘रेस डॉट स्टेटस 401, डॉट जेसन, प्रवेश नाही’. इफचा कंस बंद. त्याखाली नेक्स्ट. काही चुकलंय? 401 च्या ओळीआधी ‘रिटर्न’ नाही. उत्तर पाठवलं म्हणून फंक्शन थांबत नाही, ते खालच्या ओळीवर जातं आणि नेक्स्ट म्हणतं. पुढचा लेयर आहे पुस्तक काढून टाकणारा. तो चालतो. डेटाबेसमधून पुस्तक जातं. मग तो उत्तर पाठवायला जातो आणि हेडर आधीच पाठवलेत अशी एरर येते. म्हणजे समोरच्या माणसाला 401 दिसलं, प्रवेश नाही म्हणून सांगितलं, आणि पुस्तक तर गेलं. लॉगमधली ही ‘हेडर्स सेंट’वाली एरर बरेच जण किरकोळ म्हणून सोडून देतात. कृपा करून सोडू नका. ती दिसली की आधी टोकनवालं मिडलवेअर उघडा आणि रिटर्न शोधा.

ही रांगेची कल्पना एक्सप्रेसची स्वतःची नाही, हेही सांगायला हवं. पायथनमध्ये 2003 साली पेप 333 या प्रस्तावात डब्ल्यूएसजीआय, म्हणजे सर्व्हर आणि ॲप जोडायची ठरलेली पद्धत, मांडलं गेलं, त्यात मिडलवेअर हा शब्द आहे. रुबीत 2007 साली तशाच कामाचं रॅक आलं. नोडवर 2010 साली कनेक्ट आणि त्याच्यावर उभं राहिलेलं एक्सप्रेस. 2014 च्या एक्सप्रेस 4 ने स्टॅटिक (फाइल जशीच्या तशी देणारं) सोडून बाकी सगळं मिडलवेअर बाहेर काढलं, म्हणून जुन्या धड्यांमध्ये बॉडी पार्सर, म्हणजे बॉडी वाचणारं मिडलवेअर, वेगळा बसवायला सांगतात. 4.16 पासून ‘एक्सप्रेस डॉट जेसन’ परत आत आहे. वेगळा बसवायची गरज नाही.

आता आपली वाचनालयाची फाइल वरून खाली लावू.

सगळ्यात वर लॉगर. तो खाली गेला तर वरच्यावर परत गेलेल्या रिक्वेस्टची नोंदच राहत नाही, आणि नेमक्या त्याच तुम्हाला बघायच्या असतात. मग कॉर्स. मग स्टॅटिक, म्हणजे चित्रं आणि सीएसएस. मुखपृष्ठाचं चित्र द्यायला सेशन उघडायची, डेटाबेसला विचारायची काय गरज?

आणि यानंतर लगेच जेसन लिहावंसं वाटतं. थांबा. वाचनालयाची वर्गणी ऑनलाइन भरायची सोय आहे का? असेल तर पैसे जमा झाल्याचा निरोप, म्हणजे वेबहुक, तुमच्या सर्व्हरवर येणार. रेझरपे असो वा स्ट्राइप, त्या निरोपासोबत सही येते. ही सही काढलेली असते कच्च्या बॉडीवरून, जशीच्या तशी, बाइट न् बाइट. जेसनचं मिडलवेअर वर असेल तर तुमच्या हातात बाइट येतच नाहीत, ऑब्जेक्ट येतो. मग माणूस काय करतो, तो ऑब्जेक्ट पुन्हा स्ट्रिंगिफाय करतो, म्हणजे त्याचा परत मजकूर करतो, आणि त्यावरून सही ताडून बघतो. कधी जुळते, कधी नाही.

कधी जुळत नाही? समजा सभासदाचं नाव सविता. पाठवणाऱ्याने ‘स’ हे अक्षर जेसनमध्ये बॅकस्लॅश यू 0938 असं लिहून पाठवलं, तर तेही अगदी बरोबर जेसन आहे. तुम्ही ते वाचलंत, पुन्हा स्ट्रिंग केलीत, तर जावास्क्रिप्ट सरळ ‘स’ लिहून देतं. अर्थ तोच, पण बाइट वेगळे. सही फिसकटली. इंग्रजी नावांनी चाचणी केलीत तर सगळं हिरवं दिसणार आणि मराठी नावाचा पहिला सभासद आला की वर्गणी अडकणार. 500.0 चं 500 झालं तरी हेच. म्हणून वेबहुकचा राउट जेसनच्या वर लिहायचा आणि त्याला ‘एक्सप्रेस डॉट रॉ’ लावायचं. त्याखाली जेसन. जेसनची मर्यादा मुळात 100 केबी असते. त्याहून मोठी बॉडी आली की 413, म्हणजे ‘बॉडी फार मोठी’. तेव्हा गोंधळू नका.

त्याखाली पुस्तकांचा खुला राउटर. राउटर म्हणजे स्वतःची छोटी यादी असलेला एक लेयर. आतमध्येही क्रम आहेच. ‘पुस्तके स्लॅश कोलन क्रमांक’ वर लिहिलात आणि ‘पुस्तके स्लॅश नवीन’ खाली, तर ‘नवीन’ हा शब्द क्रमांक म्हणून पकडला जाणार आणि डेटाबेस तक्रार करणार. ठरलेला शब्द वर, कोलनवाला खाली.

मग टोकन तपासणारं मिडलवेअर आणि त्याच्या खाली देवघेवीचा राउटर. बरेच जण प्रत्येक राउटवर टोकनची तपासणी वेगळी लावतात. मला ते आवडत नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी सातवा राउट लिहील, तपासणी लावायला विसरेल आणि तो उघडा राहील, कोणाला कळणारही नाही. ‘ॲप डॉट यूज, देवघेव, तपासणी, राउटर’ असं एका ओळीत बांधा. यूजमधला पत्ता सुरुवातीचा भाग जुळला तरी चालतो, म्हणून देवघेवीखालचं जे जे येईल ते या दारातूनच जाईल. विसरलात तर दार बंद राहील. बंद राहिलेल्या दाराची तक्रार येते, उघड्या राहिलेल्याची येत नाही.

सगळ्यांच्या खाली 404, म्हणजे ‘सापडलं नाही’. ही एरर नाही, साधं मिडलवेअर आहे. इथवर कोणीच उत्तर दिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि अगदी तळाशी एरर हँडलर. एक्सप्रेस 4 मध्ये असिंक, म्हणजे डेटाबेससारख्या कामाची वाट बघणाऱ्या, हँडलरमध्ये काही फुटलं तर ते इथवर आपोआप येत नसे, ट्राय-कॅच करून ‘नेक्स्ट’मध्ये एरर द्यावी लागे. 2024 मध्ये आलेल्या 5 मध्ये ते आपोआप येतं. 4 वरून 5 वर जायला माझ्या मते एवढं एक कारण पुरे.

(स्क्रीनवर एरर हँडलर, जवळून)

पण एक्सप्रेस या फंक्शनला ओळखतो कसा? नावावरून नाही, जागेवरूनही नाही. पॅरामीटर मोजून. चार असतील, एरर, रिक, रेस, नेक्स्ट, तरच तो एरर हँडलर. आता तुमचा लिंटर, म्हणजे कोडमधल्या खोडी दाखवणारं साधन, सांगतो, इथे नेक्स्ट वापरलेला नाही. तुम्ही नीटनेटकेपणाने तो काढून टाकता. तीन उरतात. एक्सप्रेसच्या लेखी ते साधं मिडलवेअर झालं आणि एरर आली की त्याला ओलांडून पुढे जातं. पुढे कोणी नाही, म्हणून एक्सप्रेसचा स्वतःचा हँडलर उत्तर देतो आणि नोड एन्व्ह हे सेटिंग प्रॉडक्शन केलेलं नसेल तर तुमच्या फाइलींच्या पत्त्यांसकट अख्खा स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कुठून आली त्याचा माग, समोरच्याच्या ब्राउझरमध्ये. तो चौथा पॅरामीटर तसाच राहू द्या, वर लिंटरसाठी एक कमेंट लिहा, आणि फाइल सेव्ह करण्याआधी मुद्दाम एक एरर फेकून बघा.